शेंदूर लावलेले हात

मला शिसं बाधलं आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो. मग विचारतो, "पेंटचं काम करता का? घरी बॅटरीचं दुकान वगैरे?" नाही हो. मी उज्जैनच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाची बाई आहे. पोरांकडून पाढे म्हणून घेते, त्यांची नाकं पुसते आणि घरी येऊन भाजी निवडते. शिशाशी माझा संबंध एवढाच, की पोरांच्या पेन्सिलीला टोक काढून देते. आणि पेन्सिलीत म्हणे शिसं नसतंच.

माझा इलाज अजून संपलेला नाही. पण दोन पावलं चालल्यावर भिंत धरावी लागायची ते दिवस गेलेत, तर म्हटलं लिहावं. एखाद्या घरात माझ्यासारखीच एखादी पोटाला उशी दाबून पडली असेल आणि तिच्या उशाशी कुणी नवस बोलत असेल. हे तिच्यासाठी आहे.

दारातला गणपती

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट दाखवली ती दाराशेजारच्या कोनाड्यातला गणपती. वीतभर उंचीचा, शेंदराच्या थरांनी गोलमटोल झालेला. सासरचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकुनीला म्हणून इकडे आले, तेव्हा देवही बरोबर आला असं म्हणतात. खरं-खोटं तोच जाणे. मधल्या काळात घरं बदलली, देव तोच राहिला.

दर संकष्टीला त्याला शेंदूर चढवायचा. इकडे सगळे त्याला 'चोला' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. ताटलीत शेंदूर घ्यायचा, त्यात तूप सोडायचं आणि हाताने मळायचं. चमचा चालत नाही. सासूबाईंचं म्हणणं असं, की देवाला सुनेच्या हाताची ऊब लागली पाहिजे. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, त्यामुळे पहिल्याच वर्षी ते काम माझ्याकडे आलं. मला आवडायचं ते. माझे वडील बँकेच्या बदल्यांवर गावोगाव फिरलेले. आमच्या घरात देव होते, पण सगळे फ्रेममधले. हाताने माखता येईल असा देव मला पहिल्यांदाच मिळाला होता.

दिवसभर उपास, संध्याकाळी चोला, चंद्र दिसला की जेवण. हात धुवायचे, पण नखांत नारिंगी रेघ उरायचीच. ती उरलेली आईंना आवडायची. सासूबाईंना मी आईच म्हणते. "राहू दे," म्हणायच्या, "बरकत असते त्याच्यात."

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. डॉक्टरीण म्हणाल्या, होतं असं पुष्कळांना. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. मी मनात म्हटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. ते बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून तो विचार माझ्याबरोबर राहायला आला. शाळेत तिसरीची पोरं माझ्या ओढणीला लोंबकळायची, तेव्हा तो जास्त बोचायचा.

भुरी

आमच्या दाराशी एक कुत्री यायची, भुरी. उज्जैनमध्ये कुत्र्याला कोणी हाड म्हणत नाही, तो भैरवाचा. आई तिला रोज पोळी घालायच्या. पण भुरीला पोळीपेक्षा आमचा गणपती जास्त प्रिय होता. उन्हाळ्यात चोल्याचं तूप पाघळून पायरीवर उतरायचं आणि ती ते चाटून लख्ख करायची. आई हसायच्या, "बघ, प्रसाद घेऊन राहिली. मागच्या जन्मीची कोणी भक्तीण असेल."

माझं पहिलं गेलं त्याच वर्षी भुरी गाभण राहिली. खोटं कशाला बोलू, मला त्या कुत्रीचा हेवा वाटला. पायरीवर पोट टेकून ती ऐसपैस पडायची आणि मी तिला ओलांडून शाळेत जायचे. तिला पिल्लं झाली, त्यांतली बरीचशी मेलेलीच. जी जगली त्यांचे पाय लटपटायचे. एकेक करून तीही गेली. पुढे भुरीलाच झटके यायला लागले. आडवी पडून पाय झाडायची, तोंडाला फेस. गल्लीतले म्हणाले, पिसाळली असेल, नाहीतर कोणीतरी विष घातलं. एका सकाळी ती आमच्या पायरीवरच मेलेली सापडली. आईंनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. विष कोणी घातलं याची चौकशी गल्लीभर झाली, आमचं दार सोडून.

नवस

मला पुन्हा दिवस राहिले तेव्हा आईंनी नवस बोलला. एकवीस संकष्ट्या तर होत्याच, शिवाय दर मंगळवारी चोला, आणि तो मीच मळायचा. देवाच्या अंगावरून कधीकधी शेंदराची जुनी खपली सुटून पडते. ती फार शुभ. आईंनी एक खपली चांदीच्या डबीत जपून ठेवली होती. ती कुटून त्या रोज चिमूटभर तीर्थात घालून मला द्यायच्या, अनशापोटी.

मी शिकलेली बाई. मला विचारता आलं असतं, याच्यात असतं काय? पण समोर डबी धरून उभी असलेली म्हातारी जर तुमच्या बाळासाठी डोळे मिटून पुटपुटत असेल, तर काय विचारणार? आणि खरं सांगायचं तर मला ते तीर्थ हवं होतं. बाळ टिकवण्यासाठी कोणी कडुनिंबाचं झाड खायला सांगितलं असतं तरी मी मुळासकट खाल्लं असतं.

सहाव्या महिन्यात माझी मुलगी गेली.

त्याबद्दल इथे एवढंच लिहिते.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. आमच्या घरात ते हसण्यासारखं राहिलं नाही. कारण मुलगी गेल्यावरही नवस सुटला नाही, उलट वाढला. मी खंगत चालले होते. पोटात मुरडा उठायचा, असा की मी स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे छातीशी घेऊन पडायचे. भूक मेली. तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव. फळ्यावर लिहिताना खडू हातातून गळायचा. आई म्हणायच्या, "बाप्पाची काही सेवा राहून गेली असेल गं. तू चोला सोडू नको, तोच तुला उठवेल." आणि माझ्या कपाळाला शेंदूर लावून मला पुन्हा तीर्थ पाजायच्या.

पोटाच्या डॉक्टरांनी पोट बघितलं, बायकांच्या डॉक्टरांनी गर्भाशय. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. एकाने तर सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं, "सदमा है, मनोचिकित्सक को दिखा दीजिए." आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! सुधीर बिचारा प्रत्येक डॉक्टरच्या दारात माझी चप्पल हातात घेऊन उभा असायचा. त्या दिवसांत मला वाकून ती घालता यायची नाही.

निळी रेघ

शेवटी इंदूरला नेलं. उज्जैनचा माणूस इंदूरला नेला की नातेवाईक निरोप घ्यायला येतात, तसे आमच्याकडेही आले.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी फायली बाजूला सारल्या आणि मला म्हणाल्या, "मुँह खोलो बेटा." खालचा ओठ बोटाने ओढून टॉर्च मारला. माझ्या हिरड्यांच्या कडेला बारीक निळसर काळी रेघ होती. मला ती माहीत होती. मी समजत होते, लोहाच्या गोळ्यांनी दात काळे झाले.

"क्या काम करती हो?"

"टीचर हूँ."

"घर में पेंट, बैटरी, पुराने बर्तनों पर कलई, कुछ?"

सगळ्याला नाही म्हटलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो आजवर कोणी विचारला नव्हता. "घर में कोई जानवर बीमार हुआ था? गाय, कुत्ता, बिल्ली?"

मी सुधीरकडे बघितलं, सुधीरने माझ्याकडे. तो म्हणाला, "एक कुत्ती थी. दौरे पड़ते थे उसको. उसके बच्चे भी नहीं बचे."

"क्या चाटती थी वो?"

सुधीर आठवायला लागला. मला आठवावं लागलं नाही. मी माझे हात उलटे केले आणि टेबलावर ठेवले. नखांत नारिंगी रेघ होती, मंगळवारची.

डॉक्टरीणबाईंनी माझे हात आपल्या हातांत धरले. शेंदूर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा शिशाचीच भुकटी असते, आजचं नाही, पूर्वीपासून, हे त्यांनी मला फार हळू आवाजात सांगितलं. जनावर जमिनीजवळ राहतं, चाटतं, म्हणून ते आधी आजारी पडतं, आणि आपण त्याला पिसाळलं म्हणतो. मी विचारलं, "मेरी बेटी?" त्या म्हणाल्या, "यक़ीन से कोई नहीं कह सकता. पर हाँ, इससे होता है."

रक्ताचा रिपोर्ट आला. सुधीरने शेंदराची पुडी प्रयोगशाळेत नेऊन दिली, तोही रिपोर्ट आला. दोन्हींत शिसंच. पुडीवर छापलेलं होतं, 'केवल पूजा के लिए'. म्हणजे पुडीने आम्हाला सांगितलं होतं. आम्हीच पूजा कुठे संपते आणि जेवण कुठे सुरू होतं ते ध्यानात धरलं नव्हतं.

वॉर्ड

रक्तातलं शिसं काढायला सलाईनमधून औषध देतात. मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून लघवी एका डब्यात साठवून मोजतात. पांढराशुभ्र पाच लिटरचा डबा, त्यावर माझं नाव. सुरुवातीला लाज वाटायची. मग त्या डब्याकडे बघून मी म्हणायला लागले, जा बाई, जेवढं जाईल तेवढं जा.

शेजारच्या खाटेवर भैरवगढची शकीलाबी होती. घरी कापडावर ठप्प्यांची छपाई, त्यामुळे बोटांच्या चिरांत निळा रंग कायमचा मुरलेला. ती मूत्रपिंडाच्या दुखण्याने आली होती. माझी कहाणी ऐकून तिने कपाळाला हात लावला. "लो! रंग में हाथ हम डालें और रंग खाए तुमको!" दोघी हसलो. सलाईन ओढली जाऊन हात ठणकला, तरी हसलो. ती तिच्या घरून येणारा साबुदाणा माझ्यासाठी बाजूला काढायची, मी तिच्या नातीला पाढे शिकवायचे. त्या वॉर्डात भीती वाटायची ती दुपारी, भेटीची वेळ संपली की. तेव्हा ती माझ्या खाटेकडे तोंड करून झोपायची. बोलायची नाही, फक्त तोंड इकडे. मला तेवढं पुरायचं.

घरी आल्यावर कॅप्सूल सुरू झाल्या. त्यांना सडक्या अंड्याचा वास येतो. पहिल्या दिवशी आई देवघरातून ओरडल्या, "घरात अंडं कोणी आणलं?" मी म्हटलं, "मी खाऊन राहिले, आई." कितीतरी महिन्यांनी मला आईंची थट्टा करावीशी वाटली होती, पण त्या हसल्या नाहीत.

कारण तोवर आमच्यात बोलणं जवळजवळ बंद होतं. सुधीरने त्यांना रिपोर्ट वाचून दाखवला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "देव कधी जहर देतो का?" मग म्हणाल्या, "चार पिढ्या चढवून राहिलो आम्ही. तेव्हा कोणी नाही मेलं." मीही तोंड सोडलं. म्हटलं, "भुरी मेली ना." त्या उठून आत गेल्या. नंतर वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. मला राग होता. कुणावर ते ठरत नव्हतं, आणि समोर त्याच होत्या.

नदीत नको

घरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं. सुधीरचं जरा जास्त निघालं. आईंचं माझ्यापेक्षा पुष्कळ कमी, पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, इतक्या वर्षांचं आहे ते हाडांत मुरलेलं असणार. शिसं रक्तातून हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथून थोडं थोडं सुटत राहतं. पोटात बाळ असलं की मग जास्तच, कारण बाळ आईच्या हाडांतून आपलं हाड घेतं. म्हणून मी निदान दोन वर्षं बाळाचा विचारही करायचा नाही. त्यानंतर मी चाळिशीला टेकलेली असेन. हा हिशेब मी केला, सुधीरने केला, आम्ही एकमेकांना सांगितला नाही.

प्रश्न उरला देवाचा. खरवडू नका, धूळ उडेल, असं डॉक्टरीणबाईंचं निक्षून सांगणं. सुधीर म्हणाला, "रामघाटावर नेऊन विसर्जन करून टाकतो." शास्त्रात बसेल असा तेवढाच मार्ग होता. आईंनी मान डोलावली. मी मात्र नको म्हटलं. शिप्रेत मासे आहेत, कासवं आहेत, आणि घाटावर बायका ओंजळभर पाणी तोंडात घेतात, लेकराच्या डोक्यावर घालतात. माझ्या घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची भुकटी मी त्यांच्या ओंजळीत कशी सोडू?

मला वाटलं होतं आई चिडतील. त्या कोनाड्याकडे बघत म्हणाल्या, "नको. नदीत नको." मग सुधीरने कोनाड्याला काचेचं दार बसवलं आणि कडा सिमेंटने लिंपून टाकल्या. देव आत, आम्ही बाहेर. आई बाहेरूनच दूर्वा ठेवतात. हात जोडतात, काचेला लावत नाहीत.

मेथी

मागच्या आठवड्यात दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. माझ्या हाताची पकड आता बरी आहे, पानं खुडता येतात. आई म्हणाल्या, "वैशाली, एक विचारू? सच सांगशील?"

मी हो म्हटलं.

"सुधीरच्या पहिले माझी तीन गेली. तुला मालूम नाही. सुधीरलाही नाही. तेव्हा कोण सांगायचं? माझी सासू म्हणायची, हिचं पोटच खोटं आहे. एक-दोनदा नाही, मरेपर्यंत म्हणायची. सुधीर झाला तरी म्हणायची." त्या मेथीच्या काडीकडे बघत बोलत होत्या. "मी पण चोला चढवायची. तुझ्यासारखीच, उपाशी. तर ती पण… यानंच का गं?"

खोटं माझ्या अगदी ओठावर आलं. तेव्हाचा शेंदूर शुद्ध होता, आई, एवढंच म्हणायचं होतं. पंचाहत्तरीच्या बाईला असं दुःख कशाला द्यायचं? पण त्यांनी सच मागितलं होतं. मी म्हटलं, "नक्की कोणालाच सांगता येणार नाही. पण असू शकतं, आई. शेंदूर तेव्हाही शिशाचाच असायचा."

मला वाटलं, त्या कोसळतील. त्यांनी काडी खाली ठेवली, पदराने हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. आणि म्हणाल्या, "मग माझं पोट खोटं नव्हतं."

"नव्हतं, आई."

"तुझं पण नव्हतं."

 नवऱ्याने, डॉक्टरांनी, शकीलाबीने, सगळ्यांनी मला हेच सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. विश्वास ठेवला तो त्या दिवशी. मी मोठ्याने रडले, तिसरीतली पोरं रडतात तशी, आणि आई माझ्या पाठीवर आपल्या वाकड्या बोटांचा हात फिरवत राहिल्या. त्याही रडत होत्या. मेथी तशीच पडून राहिली.

मग त्या म्हणाल्या, "माझी तीन कशी होती, मला कोणी दाखवलीच नाहीत. कपड्यात गुंडाळून घेऊन गेले." त्यांनी विचारलं, "तुझी कशी होती गं? तू पाहिलीस ना?"

इतक्या दिवसांत हे मला कोणीही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "पाहिली, आई. डोक्यावर जावळ होतं तिच्या. आणि नाक तुमच्यासारखं होतं."